तुलना करा : गुण वीस

मराठीच्या प्राध्यापकाला आयुष्यात दोनच गोष्टी धड करता येतात, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. एक, दुसऱ्याच्या शुद्धलेखनातल्या चुका काढणे आणि दुसरी, तुलना करणे. पहिल्या गुणाचे घरात चीज होत नाही. वाण्याच्या यादीतला ‘साबुदाना’ दुरुस्त करून दिला तर वाणसामान लवकर येते असे नाही. दुसऱ्या गुणाचा मात्र मला अभिमान होता. केशवसुत आणि बालकवी, देवल आणि खाडिलकर, हरिभाऊंची कादंबरी आणि फडक्यांची कादंबरी... गेली वीस वर्षे मी मुलांकडून या तुलना लिहवून घेत आलो आहे. साम्य, भेद, निष्कर्ष. वीस गुणांचा प्रश्न. पण २०१८ सालच्या दसऱ्याला दोन लहानशा कॅमेऱ्यांची तुलना करण्याचा प्रसंग माझ्यावर आला आणि त्या पेपरात मी काठावरसुद्धा पास झालो नाही. त्याची ही हकिकत.

आम्ही मूळचे शनिवार पेठेतले. शनिवारवाड्याकडून ओंकारेश्वराकडे निघाले की मध्ये ज्या गल्ल्या लागतात, त्यांतल्या एका गल्लीत आमचा वाडा होता. ‘आमचा’ म्हणायचे ते सवयीने. आम्ही तिथले भाडेकरू, पण तीन पिढ्यांचे. दिंडीदरवाजा, आत बारा-चौदा फुटांचा फरसबंद चौक, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन, समोरच्या कोपऱ्यात रहाट काढून टाकलेला आड, चारी बाजूंनी ओसऱ्या आणि वर कडीपाटाची माडी. पावसाळ्यात पन्हळीखाली घंगाळ ठेवायचे आणि उन्हाळ्यात माडीवर झोपायचे नाही, हे दोन नियम पाळले की बाकी सुखच सुख. वाडा पाडून तिथे इमारत बांधायची बोलणी माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होती. त्यामुळे कुणीच ती मनावर घेत नसे. पण त्या वर्षी भाद्रपदात खरोखरच कागदांवर सह्या झाल्या. दिवाळी वाड्यात करायची आणि डिसेंबरअखेर जागा मोकळी करायची, असे ठरले.

घरात ज्याला त्याला आनंद झाला होता. सौभाग्यवतींना लिफ्टचा, चिरंजीवांना स्वतंत्र खोलीचा, मला पुस्तकांच्या कपाटांना वाळवी लागणार नाही याचा. आई तेवढी काही बोलली नाही. १९६८ साली लग्न होऊन ती या वाड्यात आली, त्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती. नवरात्रात एका संध्याकाळी मी चहा घेत असताना ती म्हणाली,

“मला एक कॅमेरा घेऊन देशील का रे?”

मी म्हणालो, “अगं, सांग की कसले फोटो हवेत ते. मोबाइल आहे ना, मी काढतो.”

“तू काढलेले नकोत. मला काढायचेत.”

इथे आमच्या घरातल्या फोटोंचा इतिहास सांगणे भाग आहे. आईचे माहेर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. अंगावरच्या कपड्यांनिशी मंडळी उंचावरच्या नातेवाइकांकडे पळाली. पाणी ओसरल्यावर परत येऊन पाहिले, तर घरभर चिखल, आणि त्या चिखलात तिच्या वडिलांची पत्र्याची ट्रंक. आतले सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा एक ठोकळा झाला होता. माझ्या आजीने ते सुटे करायचा प्रयत्न केला, तेव्हा चेहरे बोटांना लागून आले. त्यामुळे आईच्या लहानपणाचा, तिच्या त्या घराचा एकही फोटो आमच्याकडे नाही. “स्वयंपाकघराला खिडकी किती गजांची होती, ते आता आठवत नाही,” एवढेच ती कधी कधी म्हणे.

सासरी आली तेव्हा कॅमेरा होता, पण तो वडिलांचा. आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनणारा तो काळा डबा त्या काळी कित्येक मध्यमवर्गीय घरांत असे. १२० नंबरचा रोल घालायचा, बारा फोटो यायचे. वडील तो रोल वर्षभर पुरवत. ‘महिन्याला एक’ हा हिशोब. कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा दंडक. त्या साऱ्या फोटोंत आई कडेला उभी आहे, उन्हाने डोळे बारीक करून. कारण सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा हे शास्त्र वडिलांना पक्के ठाऊक होते. म्हणजे आयुष्याची बहात्तर वर्षे आईने फोटोत उभे राहण्याचे काम केले होते. फोटो काढण्याचे एकदाही नाही.

चिरंजीवांनी तिला आधी मोबाइलवर शिकवून पाहिले. तीन दिवस शिकवणी चालली. तेवढ्यात आईच्या हातून दोन अनोळखी माणसांना फोन लागले आणि देवघराऐवजी छताचे सतरा फोटो निघाले. त्यात तिचा दोष नव्हता. मोबाइलच्या काचेला बोटाचा दाब कळत नाही. बोटामुळे तिच्यावरच्या विद्युत्भारात जो सूक्ष्म फरक पडतो, तो कळतो. पन्नास वर्षे भांडी घासून आणि पोळ्या भाजून जी बोटे कोरडी, राठ झाली आहेत, त्यांची दखल ही काच नीट घेत नाही. “हिला मी दिसतच नाही,” आई म्हणाली. तेव्हा एक गोष्ट नक्की झाली. हाताला लागेल असे खरेखुरे बटण असलेला, पण पदराआड मावेल असा लहान कॅमेरा हवा.

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात चौकशी केली, तर काउंटरमागचे गृहस्थ हसले. “प्रोफेसरसाहेब, दहा वर्षांपूर्वी यायचं होतं. तेव्हा या काचेत असले पन्नास होते. आता पाकिटाएवढे म्हणाल, तर हे दोन.” त्यांचे म्हणणे खरे होते. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०१८ साली तो आकडा दोन कोटींच्या आत आला. मोबाइलमध्येच कॅमेरा आल्यावर छोट्या कॅमेऱ्यांचे दुकान बसले. उरलेल्या दोहोंपैकी एक होता कॅननचा इक्सस १८५, बाजारात आल्याला जेमतेम दोन वर्षे झालेला. दुसरा सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू ८३०, २०१४ सालचा. दोन्हींची किंमत दहा हजारांच्या आत. दोन वस्तू आणि निवड एकीची! माझ्यातला परीक्षक जागा झाला. “उद्या येतो,” असे सांगून मी घरी आलो आणि फुलस्केप कागदाला उभी घडी घातली.

साम्य लिहिणे सोपे होते. ते जुळे भाऊच म्हणायचे. दोन्हींत सुमारे दोन कोटी ठिपक्यांचे, म्हणजे वीस मेगापिक्सेलचे चित्र. दोन्हींत दूरचे आठ पट जवळ आणणारे भिंग. दोन्हींच्या पाठीवर २.७ इंची पडदा. प्रकाश टिपणारी आतली चकतीही दोन्हींत एकाच मापाची, सुमारे सहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद. म्हणजे तुळशीच्या लहानशा पानाएवढी. पूर्वीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीत असल्या तीस चकत्या बसतील.

या ठिपक्यांची कथा मोठी मौजेची आहे. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून साठवणारी ही सीसीडी नावाची चकती १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी कल्पिली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. आमच्या विद्यापीठातल्या बढत्यांना लोक उगीच नावे ठेवतात! कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरने १९७५ साली ती चकती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, तेव्हा त्याचे वजन साडेतीन किलोंहून अधिक भरले, चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. आता दोन कोटी ठिपके, आणि वजन? सोनीचे सुमारे १२२ ग्रॅम, कॅननचे १२६. इथे पहिला भेद सापडला. चार ग्रॅम, म्हणजे आठ-दहा शेंगदाणे. मी सोनीला पाव गुण जास्त दिला.

मग मी रंगात आलो. दहा मुद्दे, प्रत्येकी दोन गुण. सेल कसा भरायचा? कॅननचा सेल काढून वेगळ्या चार्जरमध्ये ठेवायचा. सोनीचा कॅमेराच वायरीने भिंतीला जोडायचा. पहिल्यात एक सेल भरत असताना दुसरा वापरता येतो, म्हणून कॅननला अर्धा गुण अधिक. कार्ड कुठले? कॅननला नेहमीचे एसडी. सोनीला तेही चालते आणि स्वतःचे निराळेही. सोनीला पाव गुण. चलत्चित्र दोन्हींत एकाच दर्जाचे, बरोबरी. ठिपके, बरोबरी. दिसणे? कॅननचा गोंडस वाटला, अर्धा गुण. शेवटी ‘इतर’ असा एक मुद्दा उरला. त्यात जे किरकोळ होते ते सारे कोंबले. रात्री साडेअकरा वाजता निकाल लागला. कॅनन पंधरा, सोनी साडेचौदा. निष्कर्षाखाली मी दोन रेघा मारल्या.

चिरंजीव तेव्हा आठवीत. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, “बाबा, पण ठिपके तर दोन्हींत सारखेच. मग त्याला दोन-दोन गुण कशाला?” मी म्हणालो, “साम्यालाही गुण असतात.” आई पलीकडे वाती वळत होती. तिने विचारले, “ठिपके म्हणजे रांगोळीचे असतात तसेच ना?” मी म्हणालो, “हो, तसेच. सहा इंच बाय चार इंचांचा फोटो छापायला त्यांतले वीस-बावीस लाख पुरतात. बाकीचे नुसते वैभव.” त्यावर ती म्हणाली, “तेच म्हणते मी. ठिपके कितीही काढा, रेघ सरळ यायला हवी.”

वाक्य चांगले होते. मी ते मनात टिपूनही ठेवले, पण त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दसऱ्याला सकाळी आई, मी आणि चिरंजीव असे तिघे दुकानात गेलो. माझा कागद खिशात होताच. दुकानदारांनी दोन्ही कॅमेरे काचेवर मांडले आणि ठिपके, भिंग, पडदा सांगायला सुरुवात केली. आईने ते ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले.

पहिला : “आमचा चौक लहान आहे. एका भिंतीला टेकून उभी राहिले, तर तुळशीपासून आडापर्यंत सगळं एका फोटोत येईल का?”

दुसरा : “हात हलला तर चालेल का?”

पहिल्या प्रश्नाने माझी धांदल उडाली. माझ्या कागदावर ‘भिंग : दोन्हींत आठ पट, बरोबरी’ असे होते. परंतु आठ पट कशाच्या? चिरंजीवांनी दुकानदारांकडून माहितीचे कागद मागून घेतले. कॅननचे भिंग २८ मिलिमीटरपासून सुरू होत होते, सोनीचे २५ पासून. आकडा जितका लहान, तितका देखावा रुंद. चिरंजीवांनी पावतीच्या पाठीवर गणित मांडले. बारा फुटांवरून एकात सुमारे पावणेपंधरा फुटांची रुंदी मावणार, दुसऱ्यात साडेसोळा फुटांची. फरक पावणेदोन फुटांचा. कागदावर तीन मिलिमीटर. पण आमच्या चौकात त्या पावणेदोन फुटांत आखखा आड बसत होता. दूरचे किती जवळ येते, याला मी गुण दिले होते. घर सोडून जाणाऱ्या माणसाला जवळचे किती सामावते याचीच काळजी असते, हे परीक्षकाच्या ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या प्रश्नाला दुकानदारांनी उत्तर दिले नाही. त्यांनी दोन्ही कॅमेरे आळीपाळीने आईच्या हातात दिले आणि समोरच्या अंधाऱ्या भिंतीवरच्या कॅलेंडराचा फोटो काढायला सांगितले. तेव्हा मी आईच्या हातांकडे पाहिले. मला वाटते, कित्येक महिन्यांत प्रथमच पाहिले. तिचा उजवा हात थरथरत होता. थोडाथोडका नव्हे. डाव्या हाताने तिने उजवे मनगट धरले होते, तरी थरथरत होता.

वाचकहो, एका घरात राहून माणसे एकमेकांना किती कमी पाहतात! आदल्या दिवाळीला आईने उंबऱ्यापुढची ठिपक्यांची रांगोळी काढली नव्हती. “कंबर धरते, सूनबाई काढेल,” म्हणाली होती. अलीकडे ती चहा कपात ओतायला दुसऱ्याला सांगत असे. पोथी मांडीवर न ठेवता चौरंगावर ठेवून वाचत असे. हे सारे मला दिसत होते आणि मी ते ‘इतर’ या सदरात टाकून मोकळा झालो होतो.

दोन्ही फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले. आधी मी काढलेली दोन्ही कॅलेंडरे सारखीच स्वच्छ आली होती. तेव्हा कॅमेऱ्यात दोष कुठलाच नव्हता. आईच्या दोन फोटोंपैकी मात्र एकात अक्षरे दुहेरी झाली होती आणि दुसऱ्यात तारखा वाचता येत होत्या. दुसरा फोटो सोनीचा होता. दुकानदारांनी समजावून सांगितले. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात हात हलला की चित्र फाकते. सोनीत हाताची हालचाल ओळखून आतले एक भिंग त्याच क्षणी तिची भरपाई होईल असे सरकते. कॅननच्या या नमुन्यात तसे हलणारे भिंग नव्हते. तिथे हे काम इलेक्ट्रॉनिक हिशोबाने होई. त्यांनी हेही प्रामाणिकपणे सांगितले की, भिंग सावरते ते फोटो काढणाऱ्याचा हात. समोरचे मांजर पळाले तर त्याला ते थांबवू शकत नाही. “मांजराचं काय करायचंय? मला भिंती काढायच्यात,” आई म्हणाली.

मी खिशातला कागद बाहेर काढून पाहिला. ‘इतर’ या मुद्द्यात अगदी खाली, बारीक अक्षरांत मीच लिहिले होते : ‘हात हलल्यास चित्र स्थिर राखण्याची सोय — सोनी, पाव गुण.’

सेल भरण्याचा अर्धा गुणही उलटा झाला. थरथरत्या बोटांनी तो इवलासा सेल काढून घालण्यापेक्षा वायर खोचणे आईला केव्हाही सोपे होते. सर्व उत्तरे लिहून झाल्यावर प्रश्नच चुकीचा वाचला होता हे कळावे, तशी माझी गत झाली. मी दोन कॅमेरे एकमेकांशी ताडून पाहिले होते. ते ताडून पाहायचे होते आईच्या हाताशी आणि आमच्या चौकाशी. सोनीचा कॅमेरा घेतला. मनगटात अडकवायची दोरी आईने दुकानातच हातात घातली आणि सोने लुटायला आलेल्यांना संध्याकाळी दाखवली.

पहिल्या अकरा फोटोंत तिचे बोट आले. मग हात बसला. दिवाळीभर आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंत ती रोज दुपारी, घर निजले की, कॅमेरा घेऊन वाड्यात हिंडे. माणसांचे फोटो तिने जवळजवळ काढले नाहीत. जिन्याची झिजून खोलगट झालेली तिसरी पायरी. देवळीतली काजळी. आडाच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा. माजघरातल्या दारावर पेन्सिलीने केलेल्या, माझी उंची मोजणाऱ्या खुणा. वडिलांची टोपी जिथे असे ती खुंटी, टोपीशिवाय. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीचे तर तिने सहा फोटो काढले, आतून तीन, बाहेरून तीन. गज सात होते. सगळे मिळून दोनशे चौदा फोटो भरले. काही तिरपे आहेत, दोन-चार अंधारलेले आहेत, पण फाकलेला त्यांत क्वचितच एखादा.

त्यांतला चौकाचा फोटो मी आजही पुष्कळदा पाहतो. डावीकडे तुळस पुरी आली आहे आणि उजवीकडे, अगदी काठावर, आडाचा दगड. पावणेदोन फूट.

आता वाड्याच्या जागी पाच मजली इमारत उभी आहे आणि आम्ही तिथेच चौथ्या मजल्यावर राहतो. तो कॅमेरा आता जुना झाला. माझ्या वर्गातल्या मुली हल्ली असले जुने छोटे कॅमेरे हौसेने शोधत असतात. एकीने तर माझ्याकडे तो विकत मागितला. ‘तो विकाऊ नाही’ एवढेच मी सांगितले. आई ऐंशीच्या घरात आहे. हात आता पूर्वीपेक्षा जास्त हलतो. कुठल्याच भिंगाला सावरता येणार नाही इतका. त्यामुळे ती फोटो काढत नाही, पाहते.

फोटो कागदावर छापूनच हवेत असा तिचा हट्ट होता, तो मी पुरवला. एक प्रत संगणकात, एक नाशिकला धाकट्या भावाकडे आणि छापलेल्या फोटोंचा आल्बम आमच्याकडे. नव्या घरात सामान लावताना मी तो दिवाणखान्यातल्या खालच्या फळीवर ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सहज घेता यावा म्हणून. आईने तो तिथून काढायला लावला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात, माळ्याला लागून ठेवायला सांगितले. आता तो काढायचा तर दर वेळी स्टूल घ्यावे लागते.

मी म्हणालो, “आई, अगं, आपण चौथ्या मजल्यावर आहोत.”

ती म्हणाली, “असू दे. तिथेच असू दे.”